बार नंतर, भिंत आधी

पुलअप बारसाठी फोन आला की समोरचा माणूस आधी व्हॉट्सॲपवर बारचा फोटो टाकतो. काळं पावडर कोटिंग, हाताला फोमची मूठ, लटकलेला एक पिळदार गडी आणि खाली ठळक अक्षरांत हा बार किती किलो पेलतो त्याची जाहिरात. ‘दादा, एवढा बसवून द्याल का?’ मी म्हणतो, बार राहू द्या, आधी भिंतीचा फोटो पाठवा. पलीकडचा गोंधळतो. भिंतीचं काय बघायचं? भिंत आहे, रंग दिलाय, झालं.

साताऱ्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या ग्रिल, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेड यांवर पोट चालतं. पुलअप बार हे त्यातलं किरकोळ काम. लॉकडाऊनमध्ये तालमींना आणि जिमना कुलपं लागली तेव्हा ते एकदम वाढलं, आणि कुलपं उघडल्यावरही कमी झालं नाही. शिवाय जिल्हा फौजींचा. अपशिंगेच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. भरतीची तयारी करणारी पोरं इथे गल्लोगल्ली सापडतात. त्यामुळे गिऱ्हाईक दोन जातींचं. एक फ्लॅटमधलं, ज्याला हॉलमध्ये शोभेल असा बार हवा असतो. दुसरं मळ्यावरचं, ज्याला पाइप वाकला नाही म्हणजे झालं. पण दोघांचाही पहिला प्रश्न बारचाच.

खरं तर बारचा प्रश्न सर्वांत सोपा. लोखंड माणसाचं वजन पेलतं, त्यात फारसं काही नाही. मोडलेला बार दुरुस्तीला म्हणून माझ्या दुकानात कधी आला नाही. येतात ते भिंतीतून उपटून निघालेले. बार धडधाकट, ब्रॅकेट सरळ, रंगाला ओरखडा नाही. फक्त मागच्या फास्टनरला प्लास्टरचा आणि विटेच्या तुकड्यांचा गोळा चिकटलेला. असा बार हातात घेतला की मी आधी तो गोळा फोडून बघतो. भिंत कसली होती आणि बोल्ट किती खोल होता, ते त्यात दिसतं. बऱ्याचदा बोल्टाचा अर्धा भाग नुसत्या प्लास्टरमध्ये असतो. आपल्याकडे आतल्या भिंतीला अर्धा-पाऊण इंच प्लास्टर सहज असतं. दीड इंचाचा बोल्ट घातला तर विटेत उरतो जेमतेम पाऊण-एक इंच.

गिऱ्हाईक म्हणतं, अहो, याच भिंतीवर आमचा पंचावन्न इंची टीव्ही आहे, त्याला काही झालं नाही. मला हे फार वेळा ऐकावं लागतं. टीव्ही एकदा टांगला की गप्प बसतो. माणूस गप्प बसत नाही. तो रोज येतो, उडी मारून बार धरतो, वर जाताना ओढतो, खाली येताना हिसका देतो, दमला की एक हात आधी सोडतो. नट रोज कणाकणाने ढिला होत असतो. माझ्या बाकीच्या कामावर कुणी असा जीव टाकत नाही. ग्रिल चोरासाठी असते, गेट जनावरासाठी. वेल्डिंग जरा कमी-जास्त झालं तरी कुणाची पाठ मोडत नाही. बारवर मात्र माणूस दोन्ही पाय जमिनीवरून उचलतो, आणि बार निसटला तर पाठीवर किंवा माकडहाडावर पडतो. म्हणून हे काम किरकोळ असलं तरी पोराच्या हाती सोपवून मी दुसरीकडे जात नाही.

रंग दिलेल्या भिंतीवर ठोकून बघितलं तर पोकळ आहे की भरीव, एवढंच समजतं. खरी ओळख पटते ड्रिलच्या भुकटीतून. जिथे फास्टनर येणार तिथेच मी आधी ६ एमएमचा बारीक बिट घालतो आणि खाली कागद धरायला पोराला सांगतो. पहिला अर्धा-पाऊण इंच सगळ्या घरांत सारखाच, प्लास्टरची करडी पूड. तिथून पुढे रंग बदलतो. तांबडी पूड पडली की भाजकी वीट. काळपट पडली की राखेची वीट. पांढरीशुभ्र, टाल्कम पावडरसारखी पडली आणि मशीनवर जोर न देता बिट आत सरकला, तर एएसी ब्लॉक. करडी ती करडीच राहिली, बिट किंचाळायला लागला आणि मनगटाला मुंग्या आल्या, तर काँक्रीट. मग मी खूश. काँक्रीटमध्ये मधेच मशीन अडून हाताला झटका देतं, तेव्हा आत सळई लागलेली असते. सळई कापून पुढे जायचं नाही. भोक दीड-दोन इंच सरकवायचं, ब्रॅकेटला नवीन भोक पाडायचं. यात अर्धा तास जातो आणि गिऱ्हाईकाला वाटतं मिस्त्री टाइमपास करतोय.

भाजक्या विटेची भिंत चांगली, पण बोल्ट विटेच्या पोटात बसायला हवा, सांध्यात नको. तांबडी पूड पडता पडता करडी आली की समजायचं, भोक सांध्यावर गेलं. जुन्या घरांत सांध्यातला माल बोटाने उकरता येतो. त्यातही भिंत सहा इंची आहे की चार इंची, ते दाराच्या कडेला उभं राहून मोजून घ्यावं. चार इंची पार्टिशनवर भिंतीतून पुढे येणारा बार मी बसवत नाही. पैसे दुप्पट देतो म्हणालं तरी नाही.

एएसी ब्लॉकची गंमत वेगळी. घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो वजन, म्हणजे पाण्यापेक्षा हलका. बिल्डरला परवडतो कारण इमारतीवरचा भार कमी होतो, आणि घर जरा थंडही राहतं. पण त्यात फुगणारा लोखंडी फास्टनर घातला की तो फुगताना आजूबाजूचा ब्लॉकच चुरतो. पाना फिरतोय, फिरतोय, नट काही घट्ट होत नाही. शेजारी उभं राहून गिऱ्हाईक म्हणतं, अजून थोडं आवळा. आवळणार कशावर? आत भुगा झालेला असतो. अशा ठिकाणी मी एक तर भिंतीच्या आरपार बोल्ट काढतो आणि पलीकडच्या खोलीत लोखंडी पट्टी लावून दोन्हीकडून भिंत आवळतो, नाहीतर ती भिंत सोडून जवळचा आरसीसी कॉलम किंवा बीम गाठतो. केमिकल भरून बसवायचे अँकरही बाजारात आहेत आणि ते चांगले असतात, पण एका बारपायी त्याची नळी आणि गन घेणं मला परवडत नाही आणि गिऱ्हाईकालाही नाही. आरपार पट्टीला घरच्या वहिनींची ना असते, कारण ती नेमकी बेडरूममध्ये पलंगाच्या डोक्याशी निघते. मग त्यावर कॅलेंडर टांगायचं ठरतं आणि काम पुढे सरकतं.

आता एक हिशेब सांगतो, जो खोक्यावर छापलेला नसतो. भिंतीवरचा बार भिंतीपासून साधारण ६० सेंटीमीटर पुढे असावा लागतो, नाहीतर वर जाताना गुडघे घासतात. समजा ७५ किलोचा माणूस लटकला. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांमध्ये ३० सेंटीमीटर अंतर आहे. मग ब्रॅकेटचा खालचा भाग भिंतीवर दाबला जातो, वरचे बोल्ट बाहेर ओढले जातात, आणि तो ओढणारा जोर होतो ७५ गुणिले ६० भागिले ३०, म्हणजे १५० किलो. माणूस पंचाहत्तरचा, ओढ दीडशेची. तेच बोल्ट एकमेकांपासून १५ सेंटीमीटरवर असतील तर ३०० किलो. आणि हे शांतपणे लटकल्यावर. खालून उडी मारून धरला, झोका घेतला, की आकडा सहज दुप्पट होतो. बाजारातल्या दिसायला नाजूक ब्रॅकेटांची पट्टी आखूड असते, आणि नेमकी तीच लोकांना आवडते. मी बनवतो तेव्हा वरच्या-खालच्या बोल्टांत ४५ सेंटीमीटर सोडतो. वरची ओढ १०० किलोवर येते. दिसायला ओबडधोबड, पण भिंतीचं काम एक तृतीयांशाने हलकं होतं.

माझं विचाराल तर भिंतीतून पुढे येणारा बार लावूच नये. बहुतेक फ्लॅटमध्ये हॉलमधून बेडरूमकडे जाणारा तीन-साडेतीन फुटांचा पॅसेज असतो. त्याच्या दोन भिंतींच्या मधे आडवा पाइप टाकायचा. वजन सरळ खाली जातं. बोल्टाला कुणी बाहेर ओढत नाही, तो फक्त आडवा तोलून धरतो. दोन्ही भिंती निम्मं-निम्मं वजन घेतात. यात विटेची भिंतही निर्धास्त. शिवाय रोज जाता-येता बार डोक्यावर दिसतो, त्यामुळे वापरलाही जातो. हॉलच्या कोपऱ्यातल्या बारवर दोन महिन्यांनी टॉवेल वाळत असतात, हे मी पाहिलेलं आहे.

पॅसेजच्या कामात एकच खोच असते. दोन भिंती कधीच समांतर नसतात. खाली माप घेतलं तर अडतीस इंच, वर घेतलं तर साडेसदतीस, आणि पुढच्या कडेला आणखी वेगळं. म्हणून माप बार जिथे येणार त्याच उंचीवर घ्यायचं. आणि दोन्हीकडे फ्लँज वेल्ड केलेला अखंड पाइप करायचा नाही, तो आत शिरतच नाही. मी दोन जाड प्लेटांवर वरून उघडी वाटी वेल्ड करतो, प्लेटा आधी भिंतींना चार-चार बोल्टांनी बसवतो, लेव्हल बघतो, मग पाइप वरून वाट्यांत सोडतो आणि आडवा बोल्ट घालून बंद करतो. पाहुणे आले की पाइप काढून ठेवता येतो. या सोयीवरच बऱ्याच घरांत परवानगी मिळते.

दाराच्या चौकटीत बसणारे बार विकत आणून लोक मला फक्त ‘बघून जा’ म्हणून बोलावतात. त्यातले दोन प्रकार. एक चौकटीच्या वरच्या पट्टीवर आकड्यासारखा अडकवायचा, स्क्रू नाही, बोल्ट नाही. तो अमेरिकेतल्या घरांसाठी काढलेला आहे. तिकडच्या पातळ भिंतींना दाराभोवती जाड लाकडी पट्टी असते, तिच्यावर तो टेकतो. आपल्याकडे चौकट प्लास्टरमध्ये बुडालेली, किंवा वर पाव इंचाची मोल्डिंग पट्टी चुका मारून बसवलेली. तिच्यावर माणसाचा भार टाकायचा म्हणजे चुकांवर टाकायचा. शिवाय आपली भिंत जाड, त्यामुळे आकडा पलीकडे पोचतच नाही. हा प्रकार परत पाठवा, असं मी सरळ सांगतो.

दुसरा प्रकार चौकटीच्या दोन बाजूंमध्ये पिळून घट्ट करायचा. टोकांना रबर, मधे आटे. तो नुसत्या घर्षणावर उभा असतो. पाकिटात दोन छोट्या अर्धगोल वाट्या आणि चार-सहा स्क्रू येतात, त्या चौकटीला ठोकून बार त्यांत बसवायचा असतो. चौकटीला भोकं नकोत म्हणून लोक त्या वाट्या पाकिटातच ठेवतात. मी कुणाच्या घरी गेलो की आधी पाकीट मागतो. पुलअप मारताना मूठ नकळत बार फिरवत असते. फिरता फिरता आटे सैल झाले की रबर सरकतं. एका घरी नववीतला मुलगा असाच खाली आला होता, उंबऱ्यावर कंबर आपटली, नशिबाने मुक्या मारावर निभावलं. वाट्या पाकिटातच होत्या. आणि घट्ट बसावा म्हणून कुणी जोर लावून पिळला तर चौकट दोन्ही बाजूंना फाकते. चौकट भिंतीत होल्डफास्टवर उभी असते. ती ढकलली की कडेने प्लास्टरला उभी चीर जाते आणि दार कडीला लागेनासं होतं. जुनी सागवानी चौकट असेल, वाट्या स्क्रूने बसवल्या असतील, तर या बारला माझा विरोध नाही. बाथरूमच्या ग्रॅनाइट चौकटीत मात्र नको. तो दगड नुसता चिकटवलेला असतो.

लोकांची नजर कुठे कुठे जाते, त्याचीही मौज आहे. माळ्याच्या स्लॅबखाली, गॅलरीच्या छज्ज्याला, पंख्याच्या हुकाला बार टांगून द्या म्हणतात. माळा आणि छज्जा भिंतीतून पुढे आलेले, पातळ, त्यांच्या टोकाला वजन द्यायचं नसतं. पंख्याचा हुक पंख्यासाठी ठेवावा. झोपाळ्याच्या कड्यांची विचारणा मात्र शहाणपणाची. जुन्या घरांत त्या कड्या स्लॅब ओतताना सळयांना बांधून सोडलेल्या असतात आणि चार-चार माणसांचा झोपाळा त्यांनी पेललेला असतो. गंजल्या नसतील तर त्यांना साखळ्या लावून बार टांगता येतो. तो हलतो, पुलअपला त्रास देतो, पण नुसतं लटकायला उत्तम. साखळी मात्र झोपाळ्याचीच घ्या, कुत्र्याची नको. हसू नका, लावलेली बघितली आहे.

पाइपबद्दल दोन शब्द. हार्डवेअरच्या दुकानात ‘एक इंची’ पाइप मागितला तर बाहेरून तो ३३-३४ मिलिमीटर भरतो, कारण ते माप आतल्या पोकळीचं धरलेलं असतं. ‘पाऊण इंची’ बाहेरून २७ च्या आसपास. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेतला आडवा बार २८ मिलिमीटरचा असतो. तेव्हा सडपातळ हाताला, बायकांना, मुलांना पाऊण इंची बरा. मोठ्या पंजाला एक इंची. पाऊण इंची घेतला तर सी क्लास, म्हणजे जाड पत्र्याचा घ्यावा; एक इंचीला तीन-साडेतीन फुटांसाठी बी क्लास पुरतो. स्टेनलेस स्टील दिसायला छान, पण घामाने हात सटकतो. उन्हाळ्यात कठड्याचा पाइप धरून बघा म्हणजे कळेल. मी काळा एमएस पाइप घेतो, घासून प्रायमर आणि रंगाचा पातळ हात देतो, वर हवं तर बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप गुंडाळून देतो. फोमची मूठ नको. ती पाइपवर गोल फिरते आणि वर्षभरात तिचा चुरा पडतो.

जीआय पाइप गंजत नाही, म्हणून अंगणातल्या बारसाठी लोक तो आणून देतात. त्याला वेल्डिंग लागलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, आणि सकाळी पुन्हा माणूस बरा. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि उपाय म्हणून गूळ खातात, दूध पितात. त्याने काही होत असेल असं मला वाटत नाही. मी जोडाच्या जागचं जस्त ग्राइंडरने घासून काढतो, शटर पूर्ण उघडतो, तोंडाला मास्क लावतो. त्याची मजुरी जास्त सांगितली की घासाघीस होते. माझा ताप कुणाच्या हिशेबात नसतो.

भरतीच्या पोरांचं काम मला मनापासून आवडतं. त्यांना रंगाशी देणंघेणं नसतं. लष्कराच्या भरती मेळाव्यात पुलअपचे गुण कसे पडतात ते प्रत्येकाला तोंडपाठ असतं : दहा मारले तर ४०, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६, आणि सहाच्या खाली बाद. म्हणजे एकटा दहावा पुलअप सात गुणांचा. धावण्याचा सराव रस्त्यावर होतो, त्याला काही लागत नाही. पुलअपसाठी मात्र आंब्याची फांदी शोधावी लागते, आणि फांदी हाताला टोचते, वाकते, पावसात निसरडी होते. मग दोघं-चौघं मिळून पैसे गोळा करतात आणि दुकानात येतात. ‘दादा, भंगारातला पाइप चालेल, पण हलायला नको.’

यांची भिंत म्हणजे जमीन. दोन इंची पाइपचे दोन खांब, वर आडवा एक इंची, उंची आठ फुटांच्या वर, म्हणजे हात ताणून लटकल्यावर पाय टेकत नाहीत. मुरमाड जमिनीत अडीच फुटांचा खड्डा पुरतो. काळ्या रानात पुरत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब दर वर्षी थोडा थोडा कलतो. तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, मग एकास दोनास चार काँक्रीट. खांबाच्या बुडाला आडवी सळई वेल्ड करतो, म्हणजे तो काँक्रीटमध्ये फिरत नाही आणि वर ओढला जात नाही. खांबाचं वरचं तोंड बंद करायचं, नाहीतर पावसाचं पाणी आत साठून तो पोटातून कुजतो. काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणून त्याला बाहेर उतार द्यायचा. पाइप सर्वांत आधी सडतो तो जमिनीच्या रेषेवर, पाणी थांबतं तिथे. आठवडाभर पाणी मारा, कुणी लटकू नका, असं बजावून निघतो. कुणी ऐकत नाही. एकदा तर तिसऱ्या दिवशी तिथून गेलो तेव्हा रांग लागली होती. ओरडलो. ‘दादा, हलत नाय की,’ असं उत्तर आलं. त्यातले दोघं पुढे भरती झाले; पेढे घेऊन आले होते. खांब अजून सरळ आहेत, याचं श्रेय त्या मुरमाला.

उंचीचा नियम सगळ्यांना एक नाही. घरात टाचा उचलून हात वर केल्यावर बोटं जिथे पोचतात त्याच्या जरा खाली बार असावा, म्हणजे उडी मारावी लागत नाही. बारच्या वर छतापर्यंत किमान सव्वा फूट मोकळं हवं, डोकं वर जाणार असतं. आणि पंखा बघा. आपल्या नेहमीच्या पंख्याचा घेर १२०० मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून दोन फुटांपर्यंत पातं फिरतं. बारच्या वर गेलेलं डोकं आणि उगारलेला हात त्यापासून चांगला लांब राहायला हवा. एका घरी सगळी मापं, भिंत, बोल्ट ठीक होतं, आणि मी बटण दाबून पंखा चालू केला तेव्हा कुठे त्या साहेबांना जागा बदलायची बुद्धी झाली.

निवृत्त झालेले एक शिक्षक आले होते. खांदा आखडलेला, फिजिओथेरपिस्टने रोज थोडं लटकायला सांगितलेलं. त्यांना पुलअप मारायचा नव्हता. मुलाने मात्र स्वतःच्या उंचीचा बार सांगितला होता. मी सरांना भिंतीशी उभं केलं, हात वर करायला सांगितला. दुखरा हात कानाच्या बराच आधी थांबला. तिथे खडूने खूण केली. मग पाइप एकच, पण वाट्यांच्या दोन जोड्या बसवल्या : वर मुलासाठी, खाली सरांसाठी, पाय जमिनीवर ठेवून हळूहळू वजन सोडता येईल अशा. ‘वर्षभराने मी वरच्या वाटीला येतो की नाही बघ,’ असं ते मुलाला म्हणाले. मुलगा फोनमध्ये होता.

बसवताना सर्वांत दुर्लक्षित राहते ती भोकातली धूळ. भोक पाडलं, लगेच फास्टनर ठोकला, असं सर्रास चालतं. आत धूळ राहिली की फास्टनर धुळीला धरतो, काँक्रीटला नाही. मी सायकलच्या पंपाला बारीक नळी लावून ठेवली आहे. दोन-तीनदा फुंकर, मग ब्रश, पुन्हा फुंकर. डोळ्याला चष्मा लावून. बिट फास्टनरच्या डब्यावर लिहिलेल्या मापाचाच. एक नंबर मोठा घेतला की फास्टनर ‘पटकन बसतो’ आणि तितक्याच पटकन निघतो. काम झाल्यावर आधी मी लटकतो, मग मी आणि पोरगा दोघं मिळून. गिऱ्हाईकाच्या देखत, मुद्दाम. दोघांचं मिळून दीडशे किलोच्या आसपास भरतं. ब्रॅकेटच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढलेली असते. लटकून उतरल्यावर ती रेघ आणि कड यांत फट दिसली, तर ते काम मी सोडून जात नाही.

काही नवीन मोठ्या इमारतींत सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या असतात, बार लावायला सोन्यासारख्या. पण तिथे सोसायटीला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका. आणि स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतील, ज्याला पोस्ट-टेन्शन म्हणतात, तर बिल्डरच्या इंजिनिअरने लेखी जागा दाखवल्याशिवाय छताला हात लावू नका. ती केबल तुटली तर बारचा प्रश्न उरत नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी सांगा. बार बसवून पंधरा दिवस झाले की पाना घेऊन नट एकदा तपासा, पुढे दर दोन-तीन महिन्यांनी. ब्रॅकेटजवळ बारीक तडा दिसला तर नट आवळत बसू नका. लटकणं त्याच दिवशी बंद करा आणि बसवणाऱ्याला बोलवा. बघून जायचे पैसे मी घेत नाही.